घर नसलेलं दार

मी एक जुनं दार आहे, मित्रांनो, पण माझ्या मागे घर नाही. मागे असते ती अंधारी जागा, दोरखंड, रिकामी खोकी आणि आपल्या वाक्याची वाट बघत उभा असलेला एखादा नट. मी नाटकातलं दार आहे.

मला मिस्त्रीने घडवलं, तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. नाटकातली दारं सहसा पातळ फळीची करतात, कारण ती सारखी उचलावी लागतात. मिस्त्रीला ते पटेना. "दार दारासारखं वाजलं पाहिजे," असं म्हणून त्याने मला भरीव लाकडाचं केलं. मला उचलणारे आजही त्याच्या नावाने बोटं मोडतात. मी अठरा नाटकं केली. कधी तुरुंगाचं दार झालो, कधी दवाखान्याचं, कधी राणीच्या महालाचं. एकदा परीक्षणात माझ्याबद्दल दोन ओळी छापून आल्या, तेव्हा मी आठवडाभर जरा तोऱ्यातच होतो. मग सगळे मला विसरले. दोन वर्षं मी गोदामात भिंतीला टेकून काढली. अंगावर ओले पडदे वाळत घालायचे लोक! मला फार वाईट वाटायचं.

आणि मग एकोणिसावं नाटक आलं.

ते लिहिलं होतं बाईंच्या मुलीने आणि बसवतही तीच होती. बाई म्हणजे चाळीस वर्षं रंगभूमी गाजवलेली नटी. खुब्याचं हाड मोडलं म्हणून सहा वर्षं घरी बसल्या होत्या. पुन्हा पडलात तर चालणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी आईसाठीच लिहिलेली भूमिका आई सोडणार थोडीच? तालमीत मुलगीसुद्धा तिला बाईच म्हणायची. कामाच्या जागी नातं नको, हा दोघींचा करार होता.

नाटकाचा शेवट माझ्यावरच होता. घर सोडून गेलेला मुलगा दहा वर्षांनी परत येतो आणि बाहेरून दार ठोठावतो. आई आतून दाराला पाठ लावून उभी राहते. पूर्ण अकरा मिनिटं तो बाहेरून भांडतो, विनवतो, आणि प्रेक्षकांना दिसतो फक्त तिचा चेहरा. शेवटी ती म्हणते, "ये," आणि दार उघडते. मुलाचं काम करणाऱ्या नटाचा आवाज असा दणदणीत, की सगळे त्याला तोफच म्हणायचे.

तालमी दोन महिने एका शाळेच्या हॉलमध्ये चालल्या. तिथे मी नव्हतो. जमिनीवर खडूच्या दोन रेघा म्हणजे दार. शेवटच्या प्रवेशात बाई हॉलच्या भिंतीला टेकायच्या आणि तोफ शेजारच्या खिडकीतून ओरडायचा. दार कुठल्या बाजूला उघडतं, हे दोन महिन्यांत एकाही शहाण्याने विचारलं नाही. मिस्त्रीनेही मला आधीच्या विनोदी नाटकासारखंच लावलं, कारण त्याला कोणी वेगळं सांगितलंच नव्हतं. त्या नाटकात माणसं माझ्यातून बाहेर धडपडायची, म्हणून मी बाहेरच्या बाजूला उघडत होतो.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी रंगीत तालीम झाली. माझी कडी नुसती शोभेची; बाई मला टेकल्या आणि मी बाहेर उघडलो. मला थांबता आलं नाही, मित्रांनो. बाई सरळ मागे गेल्या.

"आई!" मुलगी किंचाळली. करार वगैरे सगळा हवेत विरला.

नशीब, मागे तोफ उभा होता. त्याने बाईंना अलगद झेललं.

"तुला ठोठावायला सांगितलं होतं, ओढायला नाही," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"मी हातसुद्धा लावला नाही, बाई. देवाशप्पथ!"

प्रयोगाला तीन तास उरले होते. मिस्त्रीने मला उतरवलं. आता बिजागऱ्या आतल्या बाजूला घ्यायच्या आणि मी बाहेर जाऊ नये म्हणून चौकटीला बाहेरून पट्टी मारायची. पट्टी बसली. स्क्रू मात्र बसेनात. अठरा नाटकांनी चौकटीची चाळण करून ठेवली होती. मिस्त्रीने भोकांत सरस भरून लाकडाच्या काड्या ठोकल्या आणि स्क्रू पिळले.

"सुकायला एक दिवस लागतो," तो मुलीला म्हणाला. "लांब स्क्रू घातले तर चौकट फाटेल. दारावर जोर नको."

मुलगी तोफेकडे वळली. "हळू वाजव."

"हळू वाजवलं तर लोकांना वाटेल, पोस्टमन आलाय. बरं, बघतो."

पण भरलेलं प्रेक्षागृह समोर असलं की नटाचं बघतो-करतो कुठे राहतं! शेवटचा प्रवेश आला. बाई मला टेकल्या. तोफेने पहिली थाप मारली आणि माझा ओला सरस हलला. दुसऱ्या थापेला वरच्या बिजागरीचा एक स्क्रू सुटून बाईंच्या पावलापाशी पडला. तिसऱ्या थापेला दुसरा सुटला. मी आत झुकू लागलो. माझं वजन दोन माणसांचं, आणि माझ्याखाली पाठमोरी उभी अडुसष्ट वर्षांची बाई. मला ओरडता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

चौथी थाप आली नाही. माझ्या वरच्या फटीतून येणारा उजेड तोफेला दिसला होता. त्याने दोन्ही हातांनी माझी मूठ धरली, पाय चौकटीला लावला आणि मला स्वतःकडे ओढून धरलं.

"वाजव ना!" मुलगी विंगेतून दात-ओठ खात पुटपुटली. तेवढ्यात मिस्त्रीने तिला वरच्या बिजागरीकडे बोट करून दाखवलं. पडदा पाडला तर आईचं नाटक तिथेच संपणार होतं आणि नाही पाडला तर कदाचित आईच. तिने पडदेवाल्याला खूण करायला हात उचलला.

तेव्हा तोफ बोलला. संहितेत नसलेलं वाक्य, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात.

"आई, दाराला टेकू नकोस. दमशील. समोर बस. मी इथेच आहे."

बाईंचे डोळे क्षणभर हलले. मग त्या सावकाश माझ्यापासून दूर झाल्या, स्टूल ओढलं आणि चार हातांवर माझ्याकडे तोंड करून बसल्या. मुलीचा उचललेला हात तसाच राहिला.

उरलेली सगळी मिनिटं तोफेने एकही थाप मारली नाही. मला ओढून धरता धरता त्याला धाप लागली होती आणि त्याचं एकेक वाक्य तुटत बाहेर पडत होतं. ओरडायची वाक्यं तो मागितल्यासारखी बोलत होता. शेवटी बाईंनी माझ्याकडे हात पुढे केला.

"ये."

त्या उठल्या नाहीत. मुलीने खूण केली आणि दिवे गेले.

टाळ्या थांबेनात. सगळे नट पुढे जाऊन वाकले, पण तोफ आला नाही. बाई लंगडत माझ्या मागे आल्या. तो अजून मला धरून उभा होता. तळहातांची सालटी निघाली होती.

"सोड आता. लोक तुला बघायला थांबलेत. मी धरते."

"तुमचा खुबा, बाई..."

"बाई काय म्हणतोस? मघाशी आई म्हणालास ना?"

मिस्त्रीने मला खांदा लावला तेव्हाच तोफेने मूठ सोडली. दुसऱ्या दिवशी माझी चौकट नवीन झाली. आता मी हवा तेवढा भार पेलतो, पण त्या नाटकात मला पुन्हा कधी कोणी उघडलं नाही. मुलीने शेवट तसाच ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरातलंही एखादं दार करकरत असेल, लटकत असेल. त्याला लाथ मारण्याआधी त्याचे स्क्रू बघा, वेळेवर घट्ट करा. आणि ते न पडता उभं असेल, तर एकदा पलीकडे जाऊन बघा. कोणीतरी ते मुकाट्याने धरून उभं असेल.