गणपतीचा ढोल चौकात

मी एक जुना ढोल आहे. जुना म्हणजे म्हातारा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. मित्रांनो, म्हातारी माणसं हळू बोलतात. मला हळू बोलता येत नाही, आणि कोणी शिकवायला आलं तर मी शिकणारही नाही.

माझा जन्म पुण्याचा. अंग पत्र्याचं, दोन्ही तोंडांना चामड्याचं पान आणि ती पानं ताणून धरणारी जाड दोरी. कारागिराने मला पहिली थाप मारली तेव्हा शेजारच्या दुकानातला माणूस हातातला चहा सांडून बाहेर आला होता. पुढे एका इंजिनियरच्या घरसामानाबरोबर जहाजात बसून मी नेदरलँड्सला आलो आणि आइंडहोवनच्या मराठी ढोल पथकात दाखल झालो. पथकातले बाकीचे ढोल फायबरचे, प्लॅस्टिकच्या पानाचे. पाऊस असो, धुकं असो, त्यांना काही होत नाही. मला होतं. दमट हवा लागली की माझं पान सैल पडतं आणि आवाज बसतो, आणि इथली हवा तर बारा महिने दमट. म्हणून बाकीचे ढोल गोदामात असायचे आणि मी उत्तराच्या घरी, रेडिएटरपासून जरा लांब, अंगावर सोलापुरी चादर घेऊन. उत्तरा आमच्या पथकाची प्रमुख. आठवडाभर ती चिप बनवणाऱ्या यंत्रांशी झटते आणि रविवारी माझ्याशी.

पथकाचे नियम कडक आहेत. ढोल ओलांडायचा नाही. पायात काही घालून वाजवायचा नाही. सप्टेंबरच्या गार विटांवर हे सगळे इंजिनियर अनवाणी उभे राहतात आणि सायकलवरून जाणारे डच लोक मान वळवून बघत राहतात. नियम सांभाळायचं काम विश्वासकाकांचं. ते पथकाचे अध्यक्ष. माणूस किरकिरा, पण कान असा तयार की अख्ख्या पथकात एक ढोल सैल असला तरी ते नेमकं त्याच्याकडे बोट दाखवणार. मी मनातून त्यांना मानायचो, हे खरं आहे. त्यांनी पाठ थोपटली की माझी छाती फुगायची.

एका वर्षी गणपतीच्या आधी उत्तराने तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला सराव बघायला बोलावलं. तिचं नाव रीम, ती सीरियाची. आम्ही पहिला हात वाजवला आणि रीम उठली, सायकल काढली आणि निघून गेली. उत्तराला वाटलं, आवाज सहन झाला नसेल. दुसऱ्या दिवशी रीम घरी आली तेव्हा उलगडा झाला. त्या दोघी इंग्रजीत बोलतात, मध्ये मध्ये डच. मी मराठी ढोल, मी आपला मराठीतच सांगणार.

"माझा भाऊ अनस असाच ढोल वाजवायचा," रीम म्हणाली. "आमच्या गावात, हुकूमशहाविरुद्धच्या मोर्च्यात. तो वाजवायचा आणि लोक खांद्याला खांदा लावून नाचायचे. एके दिवशी सैनिक आले. त्यांनी आधी ढोल फोडला, मग अनसला नेलं."

"मग?"

"मग काही नाही. जिवंत आहे की नाही, तेही कोणी सांगत नाही. माझी आई अजून त्याचं ताट वाढते."

मित्रांनो, त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की माझा जन्म गुलाल अंगावर घ्यायला झाला आहे. ढोलाला लोक घाबरतात, इतके घाबरतात की माणसाच्या आधी त्याला फोडतात, हे मला नवीन होतं. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. आणि त्या फोडणाऱ्यांचा असा संताप आला की विचारू नका.

डिसेंबरात एका रविवारी सकाळी उत्तराचा फोन वाजला. "तो हुकूमशहा पळाला," रीम ओरडत होती आणि रडत होती. "विमानात बसून पळाला. तुरुंग उघडतायत. आम्ही सगळे स्टेशनसमोरच्या चौकात जमतोय. तुझा ढोल आण."

उत्तराने रीतसर विश्वासकाकांना फोन लावला. ते म्हणाले, "नाही म्हणजे नाही. अगं, आपण इथे परमिटवर आलेली माणसं. आपला ढोल गणपतीचा. उद्या कोणी फोटो काढला, पथकाचं नाव लागलं, तर कोण निस्तरणार? लोकांच्या देशाचं राजकारण आपल्याला हवंय कशाला?"

"काका, तिच्या भावासाठी आहे."

"मला तिच्याबद्दल वाईट वाटतं. पण ढोल पथकाचा आहे."

उत्तराने फोन ठेवला, मला चादरीत गुंडाळलं आणि सरळ बसमध्ये घातलं. शाब्बास, पोरी.

या गडबडीत एक गोष्ट ती विसरली. गणपती झाले की पथक आमच्या दोऱ्या सैल करून ठेवतं. पानाला आराम म्हणून. वाजवायच्या आदल्या दिवशी पुन्हा आवळायच्या, हा शिरस्ता. चौक माणसांनी भरलेला, झेंडे, मिठाई, खांद्यावर मुलं. उत्तराने मला कमरेला बांधलं, टिपरू उचललं आणि हाणलं. आवाज आला ढब. उशीवर बुक्की मारावी तसा. माझ्या आयुष्यात मी इतका कधी लाजलो नाही.

उत्तरा खाली बसली. आधी तिने बूट काढले, मोजे काढले. डिसेंबरात, ओल्या विटांवर. एक पोलीस काळजीने पुढे आला आणि विचारू लागला की बाईंची तब्येत बरी आहे ना. "ढोलाला बूट घालून हात लावत नाहीत," तिने त्याला डचमध्ये सांगितलं. रीमने ते ऐकलं आणि तिनेही बूट काढले. मग तिच्या शेजारच्याने काढले. अनोळखी माणसं अनवाणी होऊन माझ्या दोऱ्या ओढायला लागली, कोणी अरबीत जोर लावतंय, कोणी डचमध्ये. आणि मग मी वाजलो. असा वाजलो की स्टेशनाच्या काचा थरथरल्या असतील, निदान माझी तशी समजूत आहे. रीमने त्या दिवशी मला वाजवलं नाही. ती म्हणाली, अनस सापडला की वाजवीन.

पुढचे आठवडे वाईट गेले. रीम उत्तराच्या सोफ्यावर बसून तुरुंगांचे व्हिडिओ बघायची. बाहेर पडणारा प्रत्येक चेहरा थांबवायची, मोठा करायची, पुढे जायची. अनस त्यांत नव्हता. तिकडे सीरियात नवे लोक खुर्चीवर बसले. ते कसे निघतील, हे कोणालाच सांगता येईना. रीमचे स्वतःचे नातेवाईक फोनवर भांडायला लागले. एकजण म्हणायचा आता सोन्याचे दिवस, दुसरा म्हणायचा बघशील, हेही तसलेच निघतील. इकडे तिला ऑफिसात लोक विचारायचे, मग तू आता परत जाणार का? ती हसून वेळ मारून न्यायची आणि घरी येऊन पुन्हा व्हिडिओ लावायची.

माझीही शिक्षा ठरली. विश्वासकाकांनी मला गोदामात नेऊन ठेवलं. "बघ," ते उत्तराला म्हणाले, "एक गेला, दुसरा आला. बडवून काय मिळालं?" मी फायबरच्या ढोलांच्या मागे, बाहेरच्या भिंतीला टेकून पडलो. भिंत पाझरत होती. माझ्या पानावर बुरशी धरली, दोऱ्या लोंबायला लागल्या. त्या अंधारात मी काकांचा प्रश्न पुष्कळ घोळवला. काय मिळालं? मला तर त्या प्रश्नाचाच राग आला. एकदा वाजवून सगळं मिळायला हवं होतं का? गणपतीला तरी एका वर्षी वाजवून थांबता का?

वसंतात गोदामाचं दार उघडलं. उत्तरा आणि रीम. या खेपेला उत्तराने कोणाची परवानगी मागितली नव्हती. दोघींनी माझी बुरशी कोरड्या फडक्याने पुसली, मला घरी नेलं, खिडकीतल्या उन्हात ठेवलं आणि घाई न करता रोज थोडं थोडं आवळलं. रीमने ठरवलं होतं की पुन्हा चौकात उभं राहायचं. आता मागणी एकच होती. आमच्या माणसांचं काय झालं, ते सांगा. जे खुर्चीवर आहेत त्यांनी सांगा.

"लोक म्हणतात, नव्यांना वेळ दे," ती म्हणाली. "आमच्या आईबापांनी आधीच्याला जन्मभर वेळ दिला."

चौकात मूठभर माणसं होती. झेंडे नाहीत, मिठाई नाही. हातात फोटो धरून बायका उभ्या होत्या. पाऊस भुरभुरत होता. आणि जरा लांब, छत्रीखाली, विश्वासकाका. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार. उत्तराला बघून म्हणाले, "मी ढोलावर लक्ष ठेवायला आलोय. पथकाची वस्तू आहे."

उत्तराने मला जमिनीवर टेकवलं आणि टिपरू रीमच्या हातात दिलं. रीम म्हणाली, "अनस सापडलेला नाही."

"म्हणूनच वाजव," उत्तरा म्हणाली.

रीमने बूट काढले. तिने पहिला घाव घातला आणि मी बोललो. दुसऱ्याला बोललो. पण भुरभुर माझ्या पानात शिरत होती. मला कळत होतं की आपण उतरतोय. आवाज खाली यायला लागला, ढब व्हायला लागला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. रीमचा हात थांबला. मी म्हणत होतो, अगं थांबू नकोस, पण सैल ढोलाचं कोण ऐकतं?

छत्री मिटल्याचा आवाज आला. विश्वासकाका तरातरा आले, माझ्यासमोर थांबले आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मोजे नीट घडी करून खिशात ठेवले. मग ओल्या विटांवर मांडी घालून बसले आणि माझी दोरी हाताला गुंडाळून अशी ओढली की माझा जीव कळवळला.

"माझा राजकारणाशी काही संबंध नाही," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "पण ढोल सैल वाजलेला मला चालत नाही."

ते हलले नाहीत. पाऊस थांबेपर्यंत मी जितक्यांदा उतरलो तितक्यांदा त्यांनी मला आवळलं, आणि रीम वाजवत राहिली. भावाचं नाव घेऊन वाजवत राहिली. त्या दिवशी त्यांचा फोटोही निघाला. त्यांनी तोंड लपवलं नाही.

तर मित्रांनो, माझं मागणं साधं आहे. ढोल एकदा ताणला की जन्माचा ताणला, असं समजू नका. हवा त्याला सैल करणारच, तिचं कामच ते आहे. आवाज बसला म्हणून त्याला भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि बडवून काय मिळालं, असं मला तरी विचारू नका. बूट काढा, खाली बसा, दोरी ओढा.

अनसचा पत्ता अजून लागलेला नाही. माझी दोरी आवळलेली आहे.