लिफ्टवाल्याच्या घरचा कॅरम

मित्रांनो, मी कॅरम बोर्ड. जुना म्हणा हवं तर, पण जुनाट म्हणू नका, मला राग येतो. माझी चौकट अजून शाबूत आहे. एका कोपऱ्यातली जाळी तेवढी फाटली आहे. तिथे आमच्या बाईंनी जुन्या मोज्याचा तुकडा शिवला आहे. त्यात सोंगटी पडली की आवाज होत नाही, बाकी काही फरक नाही.

मला घडवणारा सुतार भलताच चिकित्सक होता. घासायचा, मग डोळे मिटून माझ्यावरून हात फिरवायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घासायचा. मला वाटलं, हा मला घासून घासून संपवणार! शेवटी एकदा त्याने टिचकीने एक सोंगटी सोडली. ती समोरच्या चौकटीवर आपटून सरळ त्याच्या बोटांशी परत आली. तेव्हा कुठे स्वारी हसली. आपण काहीतरी चांगले झालो आहोत, हे मला त्या हसण्यावरून समजलं.

दुकानात एक नवं जोडपं आलं. खरं तर ते जेवणाचं टेबल घ्यायला आले होते. तिने माझ्यावर तळवा ठेवला आणि तो उचलेचना.

"अगं, घरात टेबल नाही आणि तुला कॅरम सुचतोय?" तो म्हणाला.

"जेवण जमिनीवर बसून होतं. कॅरम काय जमिनीवर आखणार आहात?"

झालं! मी रिक्षात त्यांच्या मांडीवर बसून घरी आलो. त्या घरात शेवटचा शब्द कुणाचा, हेही त्याच दिवशी ठरून गेलं.

ती, म्हणजेच आमच्या बाई, तेव्हा चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नजरा तपासायची, त्यामुळे तिची स्वतःची नजर अशी तयार की समोरच्याची राणी कधी गेली हे त्याला कळायचंही नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका कंपनीकडे गावातल्या बहुतेक इमारतींच्या लिफ्टचं काम होतं, तिथे तो मेकॅनिक होता. त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो.

काय दिवस होते ते! संध्याकाळी दोघं घरी आले की मी स्टुलावर, माझ्या डोक्यावर ओढून खाली घेतलेला दिवा, बाजूला चहाचे कप. ते खेळायचे कमी आणि बोलायचे जास्त. डोळ्यांवर चष्मा असताना तोच चष्मा शोधायला दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाची गोष्ट तिने सांगितली, तेव्हा लिफ्टवाला इतका हसला की त्याच्या फुंकरीने सगळी पावडर माझ्या अंगावरून उडाली. ती म्हणाली, "हरायला लागलात की तुमचं हे असं." पुढे मुलगी झाली. ती माझ्यावरच्या सोंगट्या मोजत मोजत आकडे शिकली, मोठी झाली आणि शिकायला दुसऱ्या गावी गेली. घरात पुन्हा दोघंच उरली. मी मनात म्हटलं, चला, आता आपले दिवस परत आले.

पण तोवर लिफ्टवाल्याने एक चूक करून ठेवली होती. मनाचा चांगला म्हणूनच केली त्याने ती, पण चूक ती चूकच.

लिफ्टच्या आत एक घंटेचं बटण असतं. माणूस अडकला आणि त्याने ते दाबलं की आतूनच फोन लागतो. पूर्वी तो कंपनीच्या कार्यालयात लागायचा. एकदा एक म्हातारे गृहस्थ अडकले. कार्यालयातले सगळे जेवायला गेलेले. फोन वाजत राहिला, आणि ते गृहस्थ दुपारभर अंधारात बटण दाबत राहिले. शेवटी लिफ्टवाल्याने दार उघडलं, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी नुसती त्याची बाही धरून ठेवली. त्या संध्याकाळी लिफ्टवाला माझ्यासमोर बसला, पण त्याच्याच्याने स्ट्रायकर हलेना. दुसऱ्या दिवशी त्याने त्या लिफ्टमधला नंबर बदलून स्वतःचा घातला. मग शेजारच्या इमारतीत. मग जिथे जाईल तिथे.

तेव्हापासून गावात कुठेही कुणी अडकलं की आमच्या घरी फोन! आणि तो नुसता दुरुस्तीला जायचा नाही हं. पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायचा. "घाबरू नका. खाली बसा. चपला काढा, भिंतीला टेका. मला भरपूर वेळ आहे. आज दिवसभर काय काय केलंत, सांगा बघू." इतकं मऊ बोलायचा की ऐकताना मलाच कुणीतरी थोपटतंय असं वाटायचं. लोक त्याला दुवा द्यायचे. कंपनीचे मालक म्हणायचे, "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त झोपतो." मालक झोपायचे आणि लिफ्टवाला जागायचा. कंपनीत आणखी मेकॅनिक आले, तरी घंटा याच्याच खिशात वाजायची.

डाव अर्धवट राहू लागले. तो पायात बूट सरकवत जिन्यात असायचा आणि इकडे सोंगट्या जागच्या जागी. सुरुवातीला बाई उठून समोर जाऊन बसायच्या आणि त्याच्या बाजूनेही खेळायच्या. खरं सांगतो मित्रांनो, त्याच्या बाजूने खेळताना त्या जास्त जीव लावून खेळायच्या. डाव त्यालाच जिंकून द्यायच्या. मग तेही थांबलं.

मी दाराच्या मागे गेलो. माझ्या कोपऱ्यावर छत्री लटकली, मग पिशवी. कधी माझ्या पाठीवर कपड्यांना इस्त्री झाली. अहो, पाठ भाजली माझी! ओल लागून मध्ये फुगवटा आला. पण माझं सोडा. लिफ्टवाल्याकडे बघवत नव्हतं. घरी यायचा तो भिंत धरत. जेवताना घास हातात आणि डोळे मिटलेले. मुलगी फोनवर बोलत असली तरी याचं लक्ष घंटेकडे. एकदा बाईंनी मला हौसेने बाहेर काढलं, तर गडी स्ट्रायकरवर बोट ठेवूनच झोपला. बाईंनी हलकेच खांद्याला हात लावला, तसा दचकून म्हणाला, "घाबरू नका, मी आलोच!" बाई हसल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

यानंतर जे झालं ते मी पाहिलेलं नाही. बाईंनी घरी सांगितलं तेव्हा ऐकलं.

बाईंची दाढ दुखत होती. दाताच्या डॉक्टरांकडे निघाल्या, आणि त्यांची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. आत त्या एकट्याच. त्यांनी बटण दाबलं. खरखर झाली आणि आवाज आला, "घाबरू नका ताई. खाली बसा. चपला काढा, भिंतीला टेका."

त्यांना हसूच फुटलं. आता सांगावं, अहो मी आहे! तेवढ्यात तो म्हणाला, "मी रस्त्यातच आहे. मला भरपूर वेळ आहे. बोला ना काहीतरी."

आणि बाई गप्प झाल्या. मग खाली बसल्या, चपला काढल्या आणि बोलू लागल्या. दाढेचं सांगितलं. दुकानात नवीन यंत्र आलंय ते सांगितलं. मुलीची आठवण येते, पण तिला सांगितलं तर ती काळजी करते, तेही सांगितलं. तो "हं, मग?" म्हणत सगळं ऐकत होता. लिफ्टमधल्या फोनच्या खरखरीत त्याला आपल्या बायकोचा आवाज ओळखू आला नाही.

"घरी कोण असतं ताई?" त्याने विचारलं.

"मालक असतात. पण कामावरच असतात."

"मग त्यांना सांगा की, संध्याकाळी जरा वेळेवर येत जा म्हणून. बोललं पाहिजे माणसाने घरी."

"सांगते," बाई म्हणाल्या.

त्याने येऊन दार उघडलं, "या ताई, हात द्या" म्हणून हात पुढे केला, आणि समोर कोण? भिंतीला टेकून, चपला बाजूला काढून बसलेली स्वतःची बायको! पाठीमागून इमारतीचा पहारेकरी कौतुकाने म्हणाला, "बाई अगदी शांत होत्या हो."

त्या संध्याकाळी लिफ्टवाला लवकर घरी आला. बाईंनी मला दारामागून काढलं, छत्री खाली ठेवली, फडक्याने पुसलं आणि सोंगट्या मांडल्या. त्याला समोर बसवलं.

"तू सांगितलं का नाहीस गं, तू आहेस म्हणून?" त्याने विचारलं.

"खरं सांगू? सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, थांब जरा, येतोच. आणि फोन ठेवला असता."

त्याने स्ट्रायकर उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला तुम्ही पाव तासात गाठता," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, म्हणून ऐकायला जास्त कठीण जात होतं. "घरात अडकलेल्या माणसाने कुठलं बटण दाबायचं?"

लिफ्टवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि टपकन माझ्यावर पडलं. पाण्याने मी फुगतो, पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

"मी दमलोय गं," तो म्हणाला. "फार दमलोय. पण घंटा वाजली आणि कुणी उचललीच नाही तर? त्या म्हाताऱ्या माणसाचा हात अजून माझ्या बाहीला आहे."

"मग उचलणारे हात वाढवा. तुमचा एकट्याचाच का?"

मालकांना हे पटायला वेळ लागला. ते स्वतः घरी आले आणि चहाचा कप चक्क माझ्यावर ठेवला. "अहो, लोकांना तुमच्या आवाजाची सवय झालीय," ते म्हणाले.

"साहेब, माझ्या घरालाही होती," लिफ्टवाला म्हणाला. "कामाच्या वेळेत मी आहेच. माझी पाळी असेल तेव्हा मध्यरात्रीही जाईन. पण पाळी सगळ्यांची. नाहीतर दुसरा लिफ्टवाला बघा."

मालकांनी चहा संपवला, आणखी अर्धा कप मागितला आणि शेवटी हो म्हणाले. कपाचा गोल डाग अजून माझ्यावर आहे.

मग लिफ्टवाला एकेका इमारतीत जाऊन आपला नंबर काढू लागला. त्याच्या जागी, ज्याची पाळी असेल त्याला लागणारा नंबर घालू लागला. पण नंबर बदलणं सोपं होतं, बोलणं शिकवणं अवघड! मेकॅनिकांत एक जण होता. कधी तोंड उघडायचा नाही म्हणून त्याला सगळे मौनीबुवा म्हणायचे. तो आमच्या घरी शिकायला येऊ लागला. बाई जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसायच्या, म्हणजे त्या अडकलेल्या. (हो, टेबल शेवटी आलं होतं.)

"घाबरू नका," मौनीबुवा म्हणायचा. आणि गप्प.

"पुढे?" टेबलाखालून आवाज.

"पुढे मीच घाबरतो, वहिनी."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मला पोट नाही, पण हसलो.

तुम्हाला वाटेल, आता लिफ्टवाला खूश झाला असेल. छे! पहिल्या मोकळ्या संध्याकाळी तो घरभर येरझारा घालत होता. फोन उचलून बघायचा, कानाला लावायचा, बिघडला तर नाही ना म्हणून बाईंना रिंग द्यायला लावायचा. आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, हे त्याला फार लागलं होतं. बाईंनी त्याला टोकलं नाही. त्याच्यासमोर स्ट्रायकर ठेवला आणि वाट बघत बसल्या.

आणि एका संध्याकाळी आमच्याच इमारतीची लिफ्ट बंद पडली. डाव रंगात आला होता. जिन्यातून घंटेचा आवाज आला आणि लिफ्टवाला ताडकन उठला. हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, दार उघडलं. बाईंनी माझी चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, ते मलाच ठाऊक.

पाळी मौनीबुवाची होती. तो नेमका आमच्याकडेच शिकायला येत होता, म्हणून लगेच जिन्यातून धापा टाकत वर आला होता आणि लिफ्टच्या फटीला तोंड लावून बोलत होता. "आजी, घाबरू नका. खाली बसा. मला... मला बोलायला जमत नाही हो. तुम्हीच काहीतरी सांगा ना."

लिफ्टवाल्याने एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. तेवढ्यात आजींचा खणखणीत आवाज आला, "काय सांगू बाबा, माझ्या धाकट्या जावेची गंमत सांगते..." आणि आजी ज्या सुटल्या!

"हं, मग?" मौनीबुवा म्हणाला.

लिफ्टवाला दारात उभा राहून ऐकत होता. मग त्याने पाय आत घेतला. दार हलकेच लोटलं, पिशवी खाली ठेवली आणि येऊन बाईंसमोर बसला. "कुणाची पाळी?" त्याने विचारलं.

"तुमची," बाई म्हणाल्या.

त्याचा नेम चुकला. पुढचाही चुकला. बाईंनी राणी घेतली, कव्हर दिलं आणि त्याला सपाटून हरवलं. मग सवयीने त्या सोंगट्या डब्यात भरायला लागल्या, तर लिफ्टवाल्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. "थांब ना," तो म्हणाला, "अजून एक मांड."

मित्रांनो, मला जपायचं म्हणजे पुसून, कापडात गुंडाळून ठेवायचं नाही. तसा मी लवकर सडतो. तुमच्या घरातही सगळ्या जगाच्या हाकेला धावणारं कुणीतरी असेल. आई असेल, बाबा असतील, मामा किंवा ताई असेल. ते मोकळे होण्याची वाट बघत बसू नका. सोंगट्या मांडा आणि त्यांचा हात धरून त्यांना समोर बसवा. ते म्हणतील, एकच डाव हं. म्हणू द्या. एकदा बसले की दुसरा डाव तेच मागतात.