चंद्राबाई कुठली

"हिचं नाव आंबवड्याला घाला," रखमाजी म्हणाला आणि ओसरीवर शेंगा सोलत बसलेल्या त्याच्या बहिणीचा, चंद्राबाईचा हात थांबला.

घोंगडीवर भोरचे दीनानाथ कारकून बसले होते. भोर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, हद्द पुसली होती, आणि भोर-वेल्ह्याची गावं मिळून एक नवा मतदारसंघ होणार असं बोललं जात होतं. त्यासाठी कारकून संस्थानाबाहेरच्या, वेल्ह्याकडच्या या वाडीत घरोघर मतदारांची नावं लिहीत हिंडत होते.

चंद्राबाईचा नवरा संस्थानातल्या आंबवड्याचा. त्यानं दुसरी केली आणि हिला तरणीताठी असताना माहेरी आणून सोडलं. कुणी खोचून विचारलं की रखमाजी सांगायचा, तिचं घर संस्थानात हाय, आपला कायदा तिकडं चालत न्हाई. त्या हद्दीनं दोघांचीही अब्रू झाकली होती. आता हद्दच गेली, झाकणार काय कपाळ!

मतदारसंघ एकच, नाव इथं असलं काय नि तिथं असलं काय, असं कारकून बोलून गेले. रखमाजीनं तेवढंच उचललं. मग फरकच न्हाई, म्हणाला, नवऱ्याच्याच घरी लिहा. फरक त्याला नव्हता हो! चंद्राबाईला मात्र होता. एकदा सरकारदरबारी ती आंबवड्याची ठरली, की उद्या रखमाजीची पोरं तिला याच दारात पाहुणी म्हणणार, हे तिला लख्ख दिसलं.

"न्हाई," ती म्हणाली. "मी हितलीच हाय."

भावापुढं तिनं कधी ब्र काढला नव्हता. भावजय अंबूबाई दाराआडून बघतच राहिली. कारकून अवघडले. नाव राहत्या घरी लिहायचं हे खरं, पण यादीत घर म्हणजे चूल, आणि चूल तर अंबूबाईची. घरधनी नको म्हणत असता हिला त्यात घालायचं कसं? वरची आळी उरकून सकाळी येतो, तोवर ठरवा, म्हणून ते उठले.

सकाळी ते आले तेव्हा गोठ्यालगतच्या पडवीतून धूर निघत होता. चंद्राबाईनं तीन दगड मांडून, मातीनं लिंपून तवा चढवला होता. रखमाजी तोंड फिरवून बैलांना वैरण टाकत होता.

"लोक म्हंतील, भावानं बहिणीला येगळं काढलं," तो पुटपुटला.

"म्हनू दे, दादा. तू न्हाई काढलंस. मीच निघाले."

कारकुनांनी पडवीच्या खांबावर गेरूनं घराचा नवा आकडा घातला, नाव लिहून घेतलं आणि ते पुढच्या घराकडे गेले. चंद्राबाई जेवायला बसली. इतक्या वर्षांत ती कधी एकटी जेवली नव्हती. ती भाकरी नुसती कुस्करत राहिली.

तेवढ्यात अंबूबाई हातात शेणी घेऊन आली. कालपर्यंत या पडवीत हवी तशी शिरणारी ती बाई आज पडवीबाहेरच थांबली, शेजारणीच्या दाराशी थांबावं तशी.

"वन्सं, आमची चूल इझली. इस्तू हाय का?"

चंद्राबाईनं ताट बाजूला सारलं. चिमट्यानं एक रसरशीत निखारा निवडून तिच्या शेणीवर ठेवला, आणि डोळ्याला पदर लावला.