मांडीवरची पुली

टर्नरने अर्जात सगळं खरं भरलं होतं. सत्तावीस वर्षं लेथवर काम, मग दोन वर्षं काही नाही. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: बायको आजारी होती, मी तिच्याजवळ होतो. ती जाऊन पाच महिने झाले होते आणि घर आता त्याला खायला उठत होतं.

"काका, असं नका लिहू," कारखान्याच्या ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या. "वैयक्तिक कारण लिहा. नाहीतर साहेबांना वाटतं, माणूस रिकामा बसला होता."

"रिकामा? दर दोन तासांनी तिची कूस बदलायचो मी." त्याने लिहिलेलं तसंच ठेवलं.

मग त्याला लोखंडाचा तुकडा आणि ड्रॉइंग दिलं. नमुना म्हणून त्याने तिथल्याच लेथवर एक पुली, मशीनचा पट्टा फिरवणारं चाक, कातून दिली. "कळवतो," मॅडम म्हणाल्या.

ते कळवणं काही आलं नाही. फोन केला तर मॅडम मीटिंगमध्ये. पुन्हा केला तर फाईल वर गेलेली. तिसऱ्यांदा कोणीतरी विचारलं, "कोणता अर्ज?" आणि सगळं पहिल्यापासून भरायला लावलं. सात आठवडे असेच गेले.

"बाबा, नाद सोडा," लेक म्हणाली. "नाही घेत ते तुम्हाला."

"नाही तर नाही. पण तोंडाने सांगू दे की!"

तो कारखान्यात गेला तेव्हा जेवणाची सुट्टी होती. पॅकिंगच्या खोलीतून ऑफिसकडे जाताना एका बंद मशीनपाशी त्याचे पाय थबकले. त्यावरची पुली ओळखीची वाटली. त्याने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड गोल घासलेली होती. ड्रॉइंगमध्ये तसं कुठेच नव्हतं. फार वर्षांपूर्वी डबा घेऊन आलेल्या बायकोने कौतुकाने एक ताजा पार्ट उचलला होता आणि तिचं बोट कापलं होतं. तेव्हापासून त्याने एकही कड धारदार सोडली नव्हती.

त्याने खिशातली स्क्रूची चावी काढली, पट्टा उतरवला, स्क्रू सैल केला, पुली ओढून घेतली आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर ती मांडीवर घेऊन बसला.

घंटा झाली. सगळी मशिनं सुरू झाली, एक सोडून. सात आठवडे न सापडलेली माणसं पाच मिनिटांत गोळा झाली.

"ही चोरी आहे!" साहेब ओरडले.

"नमुना पास झाला असेल तर मी इथला कामगार. नापास झाला असेल तर माझा मला परत."

"लोखंड आमचं आहे!"

"मग लोखंड ठेवा. कातलेलं तेवढं द्या."

फोरमनला हसू आवरेना. "साहेब, दीड महिना चालतेय ही. एकदाही पट्टा उतरला नाही."

"मग अडलं कुठे?" टर्नरने विचारलं.

मॅडमनी मान खाली घातली. "फाईलवर शेरा आहे. दोन वर्षं रिकामा."

"तो खोडा. मी लिहिलं होतं ते लिहा, आणि नोकरीचं पत्र द्या. मग बसवतो."

"आधी बसवा," साहेब म्हणाले. "पत्राचं कळवतो."

टर्नर बाकावर ऐसपैस टेकला. "कळवा. मी इथेच आहे. मशीनलाही थांबायला सांगा."

साहेब फोरमनकडे बघत राहिले. मॅडम मात्र आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि दारातूनच त्यांनी विचारलं, "काका, रकान्यात नेमकं काय होतं?"

त्याने सांगितलं. एकेक शब्द, सावकाश, त्यांचं टाईप होईल तसा.