पाठमोऱ्या माणसाची उशी

मी पंजा चालवायचे. म्हणजे काय ते आधीच सांगते, नाहीतर मध्येच कुणीतरी विचारणार आणि माझी तंद्री मोडणार.

गावाबाहेर कचरा जाळायचा कारखाना होता. आत सहा मजले खोल खड्डा. ओलं-सुकं निवडून घराघरांतून जे उरतं ते गाड्या सकाळपासून त्यात ओतायच्या. वर छताला चिकटलेली काचेची खोली, त्यात मी. दोन हातांत दोन दांडे आणि खाली हत्तीएवढा लोखंडी पंजा. पण उचललं आणि भट्टीत टाकलं, इतकं सोपं नसतं बरं का. ओलं एकदम गेलं की भट्टी रुसते, सुकं एकदम गेलं की अंगावर येते. म्हणून आधी कालवायचं. उचलायचं, वरून भुरभुर सोडायचं, पुन्हा उचलायचं. घरी माझा स्वयंपाक रोज करपायचा, पण माझ्या हातच्या कचऱ्याला तोड नव्हती.

भट्टीच्या वाफेवर वीज व्हायची आणि गरम पाणी नळांतून घरोघर जायचं. प्रत्येक खिडकीखाली लोखंडी नळ्यांची चौकट. आम्ही तिला शेगडी म्हणायचो. इथपर्यंत तुम्हाला कुणीही सांगेल. पुढचं फक्त मी सांगते: त्या उबेबरोबर स्वप्नं यायची.

जे जळालं त्याचं स्वप्न. शाळेचे जुने बाक जळाले, तेव्हा अख्खी बिल्डिंग झोपेत गणिताच्या पेपरला बसली आणि पेन्शनरसुद्धा नापास झाले. फाटक्या छत्र्या गेल्या की लोक उडायचे. एकदा कुणाची तरी लग्नातली गादी गेली होती, पण ते मी नातवंडांसमोर सांगत नाही.

फक्त आमच्या घरात काही यायचं नाही. सासूबाईंनी दारामागची गरम पाण्याच्या नळाची मुख्य चावीच घट्ट बंद करून टाकली होती. आम्ही घरात दोन-दोन स्वेटर घालून बसायचो. मी नवी सून, कारखान्यात गावाला ऊब पुरवायची आणि घरी येऊन नाक पुसायची.

"अहो, तुमच्या आईला सांगा ना," मी नवऱ्याला म्हणायचे.

"तूच सांग. मला अजून बरीच वर्षं जगायचंय."

एक दिवस वाटलं, निदान म्हातारीची उशी तरी धड असावी. तिची उशी म्हणजे निळ्या पट्ट्यांचं गाठोडं, घड्याळाच्या तेलाचा वास येणारं. मी नवी मऊ उशी आणली आणि जुनी खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. संध्याकाळी सासूबाईंनी हात फिरवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"ही कुणाची?"

"तुमचीच, आई. जुनीत नुसत्या गाठी झाल्या होत्या."

"गाठी नव्हत्या त्या, सूनबाई. ते होते."

ते म्हणजे माझे सासरे, घड्याळजी. मी लग्न होऊन यायच्या पंधरा वर्षं आधी गेले. उशी त्यांची. तिच्यावर डोकं टेकलं की ते यायचे, आपल्या टेबलाशी बसून घड्याळ दुरुस्त करायचे. सासूबाईंकडे पाठ करून.

"पंधरा वर्षं पाठच बघतेय," त्या म्हणाल्या. "कधीतरी वळतील म्हणून लवकर झोपते. बाहेरची स्वप्नं येऊन धक्का लागू नये म्हणून ती चावी बंद केली. आणि तू..." नवी उशी उलट्या बाजूने भिंतीला टेकवली आणि तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी खड्ड्यात बघत होते. आमच्या गल्लीची गाडी नऊला रिकामी झाली. मी पंज्याने हळूहळू उकरायला लागले, जसं कोंबडी उकरते. मुकादमांचा फोन आला.

"भट्टी उपाशी आहे! तुझा पंजा काय ध्यानाला बसलाय?"

"माझ्या सासऱ्यांना शोधतेय."

"मिळाले की त्यांनाही कामाला लाव. पण भर आधी!"

घास उचलला. वर येता येता बघते तर पंज्याच्या दोन बोटांमध्ये निळे पट्टे! माझा जीव भांड्यात पडला. आता बाजूच्या ओट्यावर अलगद ठेवायचं, की झालं. पण पंजा भट्टीच्या तोंडावरून जात होता, आणि त्या जागेवर आला की माझा अंगठा आपोआप दांड्यावरचं बटण दाबतो. आठ वर्षांची सवय. दाबलं. उशी गेली. वर काचेत मी एकटी, अंगठा तोंडात धरून.

घरी सांगितलं. सासूबाई फक्त "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"पेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पावाच्या दुकानासमोर रांगेत उभी होते. पुढची शिंपीण पाववाल्याला सांगत होती, "काल स्वप्नात एक उंच माणूस आला. डोळ्याला ते घड्याळजींचं भिंग. काय गोड बोलत होता!"

"माझ्याकडेही आला की!" पाववाला म्हणाला. "सगळ्या खोल्या बघितल्या आणि विचारलं, ती इथे राहते का?"

"ती कोण?"

"नाव कुठे सांगितलं! म्हणाला, कडक आहे, पण हात गरम असतात."

मागून तिघं-चौघं ओरडले, "आमच्याकडेही!" मी पाव न घेताच पळत सुटले.

सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि आधी भडकल्या. "माझ्याकडे पंधरा वर्षं पाठ, आणि त्या शिंपिणीशी गोड बोलायला तोंड आहे?"

"आई, ते तुम्हालाच शोधतायत! घरोघर फिरतायत. आपली चावी बंद आहे, आत येणार कसे?"

त्या उठल्या. दोन्ही हातांनी चावी पिळली. हलेना. माझ्या नवऱ्याने भिंत रंगवताना चावीसकट रंगवून टाकली होती, तीनदा.

"याला जन्म देताना मी काय विचार केला होता!" सासूबाई म्हणाल्या.

नवरा चाकूने रंग खरवडायला बसला. मी घड्याळाकडे बघत होते, कारण नवा कचरा पेटत गेला की जुन्या स्वप्नाची ऊब हळूहळू ओसरते. शेवटी सासूबाईंनी सासऱ्यांच्या पेटीतली तेलाची इवलीशी कुपी आणली आणि चावीच्या मुळाशी तीन थेंब सोडले. चावी कुरकुरली आणि फिरली. भिंतीतून गुडगुड आवाज आला, शेगडी ठण्णकन वाजली. घराला तोच वास आला, उशीचा.

भर दुपार होती. सासूबाई शेगडीला पाठ टेकून खाली बसल्या, पदर सारखा केला आणि शहाण्या मुलीसारखे डोळे मिटले. आम्ही दोघं दारात श्वास रोखून उभे. तासाभराने त्यांनी डोळे उघडले. गाल लालबुंद.

"वळले?" मी विचारलं.

"वळले. मी चांगलं झापलं. म्हटलं, इतकी वर्षं पाठ का?"

"मग?"

"म्हणाले, मी कुठे पाठ केली? मी दाराकडे तोंड करून बसायचो, तू आत आलीस की दिसावीस म्हणून. तू रोज मागून यायचीस आणि चोरासारखी उभी राहायचीस. एक हाक मारायला काय झालं होतं?" सासूबाई हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. "खरंच गं. मी कधी हाकच मारली नाही. काम करतायत, म्हटलं, कशाला तंद्री मोडायची."

ते पुन्हा आले नाहीत. सासूबाईंनी चावी मात्र परत बंद केली नाही, आणि त्या हिवाळ्यापासून सगळ्या गावाबरोबर मजेत उडू लागल्या. भिंतीला टेकवलेली नवी उशी घेतली आणि पुढची वीस वर्षं तिच्यावर झोपल्या. शेवटी शेवटी मला म्हणाल्या, "माझ्यामागे ही तूच टाक. कुणा दुसऱ्याच्या हातून नको. आणि आधी नीट कालव, मला सगळ्या घरांत जायचंय."

मी कालवली, अर्धा तास. मुकादम फोन करून करून दमले.

म्हणून म्हणते, झोपेत कुणी म्हातारी येऊन तुमच्या भिंतीचा रंग नखाने खरवडून बघायला लागली, तर घाबरू नका. तिला बसायला द्या.