लख्ख वाटीतली उपासमार

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. जुनी आणि एकटी. तुमच्या अंगात कोट्यवधी पेशी कामं वाटून घेतात. इथे खाणारी मीच, पळणारी मीच आणि घर झाडणारीही मीच! अंगभर माझे बारीक केस आहेत. ते सपासप हलवत मी पाण्यात भिरभिरते. नुसत्या डोळ्यांना मी दिसत नाही आणि मला कान नाहीत. तरी माणसांचं बोलणं सांगणार आहे, एवढं चालवून घ्या.

माझा जन्म एका काचेच्या वाटीत झाला. वाटी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंची. त्यांनी तीत वाळलेलं गवत भिजत घातलं होतं. गवत कुजलं, पाणी गढुळलं, वास सुटला आणि आमची चंगळ झाली. त्या घाणीत जिवाणू वाढतात आणि तेच आमचं जेवण. बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणायच्या, "काय गं बायांनो, एवढी कसली घाई?" कौतुक झालं की मी उगाच दोन गिरक्या जास्त घ्यायचे.

मग बाईंच्या लेकीचं बाळंतपण आलं. त्या तिच्याकडे राहायला गेल्या. वाटी यजमानांवर सोपवली. आपण त्यांना काका म्हणू. काकांचा जन्म औषधं बनवण्यात गेलेला. बाटल्या उकळायच्या आणि हात धुवायचे. "अहो, पाणी आटू देऊ नका हं," एवढंच सांगून बाई गेल्या. काकांनी आमच्यावर फार माया केली आणि तिथेच घात झाला. त्यांनी कुजकं गवत चिमट्याने वेचून काढलं. रोज थोडं गढूळ पाणी काढून औषधांत घालतात तसलं शुद्ध पाणी ओतलं. वाटी लख्ख झाली. तीत खायला मात्र काही उरलं नाही.

आम्ही भुकेने कासावीस झालो. तेव्हा माझ्या आत जे सुरू झालं, ते आठवलं की आजही मी थक्क होते. कुणी शिकवलं नव्हतं, बरं का! मी तळाशी गेले आणि गोल झाले. अंगातलं पाणी बाहेर टाकत राहिले. केस विरून गेले. मग तोंडही नाहीसं झालं. ज्या तोंडासाठी जन्मभर धावले, तेच गेलं! भोवती एकावर एक कवचं चढत गेली आणि ती मीच घडवत होते, माझ्याच अंगातून. भूक थांबली. जवळजवळ मीही थांबले. याला पुटी म्हणतात. हे मरण नव्हतं, पण जगणं तरी कसं म्हणू?

बाई परतल्या. त्यांनी पाण्याचा थेंब पाहिला. सगळीकडे सामसूम.

काकांचा चेहरा पडला. "मीच मारलं गं सगळ्यांना. एवढं एक काम सांगितलं होतंस." ते वाटी घेऊन बेसिनकडे निघाले.

"अहो, थांबा! ओतू नका. तळ बघू दे मला."

"तळाशी काय बघायचंय? धूळ आहे नुसती."

बाईंनी तळातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "इतकी गोल धूळ कधी पाहिलीत?"

"म्हणजे जिवंत आहेत?"

"नाही सांगता येत," बाई म्हणाल्या. "नुसती कवचंही असतील."

काकांनी स्वतः गवत भिजवलं. कुजेपर्यंत वाट पाहिली आणि नाक दाबून ते पाणी वाटीत ओतलं.

आणि मित्रांनो, माझं कवच सैल झालं! पाणी आत शिरलं. मी फुगले. गेलेले केस नव्याने उगवले, तोंड नव्याने घडलं. मी तीच होते, की दुसरीच कुणी? मला अजून कळलेलं नाही. शेजारच्या कितीतरी जणी उठल्याच नाहीत. त्यांची आठवण येते.

काकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "अगं, हलतंय! अगं, ये ना, हलतंय ते!"

म्हणून सांगते, माया जरूर करा, पण ज्याच्यावर करता त्याला काय लागतं ते आधी जाणून घ्या. कुणी निपचित दिसलं म्हणून लगेच ओतून टाकू नका. काका आता रोज सकाळी वाटीला नाक लावतात. घाण वास आला, की मगच निवांतपणे चहा घेतात.