चौथी वाटी

कॉफी चाखायचा तीन आठवड्यांचा कोर्स करून आत्याचा भाचा घरी आला, तेव्हा त्याच्या आधी त्याची जीभ घरात शिरली. आल्या आल्या त्याने पाणी प्यायलं आणि या पाण्यात काचेची चव लागते असं जाहीर केलं. आत्या म्हणाली, "पेला स्टीलचा आहे." तेव्हापासून मळ्यावरचे लोक त्याला पाठीमागे जीभसाहेब म्हणू लागले आणि तोंडावर नुसतं साहेब.

मळा कॉफीचा. बहुतेक झाडं डोंगराच्या वरच्या उतारावर, थोडी खाली ओढ्यालगतच्या खोलगट तुकड्यात. त्या तुकड्याला सगळे खड्डा म्हणत. घरापुढे वाळवणाचं खळं, खळ्यात जाळीच्या लांबलचक बाजा आणि खळ्याला लागूनच आत्याची खोली. बावीस वर्षं वाळवण आत्याच्या हातात होतं. भाऊ गेला, भाचा मालक झाला, तरी खळं आत्याचंच राहिलं.

गेल्या वर्षी ऐन तोडणीत फळं सोलायचं यंत्र बंद पडलं. एरवीची रीत म्हणजे फळ सोलायचं, बी टाकीत भिजवून धुवायचं आणि मग वाळवायचं. आत्या दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसली नाही. तिने अख्खी लाल फळंच बाजांवर पातळ पसरली. दर अर्ध्या तासाने उलटली, भर दुपारी झाकली, संध्याकाळी दंव पडायच्या आत पुन्हा झाकली. पंचवीस दिवस तिने दुसरं काही केलं नाही. सालीतला गोडवा सावकाश बीमध्ये उतरला, कॉफीला पिकल्या फळाचा वास आला, आणि दूरच्या शहरातल्या खरेदीदार बाईंचं पत्र आलं, की ही चव आणलीत कुठून?

जीभसाहेबांनी दोन पानी उत्तर लिहिलं. त्यात वरचा उतार होता, उंची होती, धुकं होतं, तांबडी माती तर तीनदा होती. आत्या नव्हती.

"अरे, यंत्र बिघडलं म्हणून झालं ते," आत्या म्हणाली.

"आत्या, चव म्हणजे प्रदेश. माती बोलते. आपण फक्त ऐकायचं."

"मग बावीस वर्षं गप्प का होती?"

त्याने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. कोर्समध्ये मिळालेला चवींचा तक्ता होता तो. मध, जाईचं फूल, ओला दगड.

"ओला दगड चाटलायस कधी?" आत्याने विचारलं.

"तुला नाही कळायचं ते."

आत्याला जे कळायचं ते पुढच्या तोडणीला कळलं. जीभसाहेबांनी गरम हवेचं वाळवणयंत्र आणलं. पंचवीस दिवसांचं काम दोन दिवसांत. माती बोलणारच होती, मग तिला इतका वेळ कशाला द्यायचा? खळ्याची गरज संपली. खळ्यालगतची खोली पाहुण्यांसाठी चव-दालन करायला अगदी झकास होती, आणि आत्याने आता आराम करावा, थोरल्या भाचीकडे शहरात जाऊन राहावं, असं त्याने फार प्रेमाने सांगितलं. थोरल्या भाचीच्या घरात खोल्या दोन, माणसं चार आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. तिला खळं सोडायचं नव्हतं. या खळ्यापलीकडे तिने कोणाकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि हेही मागावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने मागितलं नाही. नवी कॉफी चाखायला खरेदीदार बाई शनिवारी येणार होत्या. रविवारी निघायचं ठरलं आणि तिने पिशवी भरायला घेतली.

त्या तोडणीत हाताला चाळा म्हणून खड्ड्यातलं फळ तिच्या वाट्याला आलं होतं, घरच्या पिण्यापुरतं. ते तिने गेल्या वर्षीसारखंच बाजांवर सावकाश वाळवलं होतं. वरचं फळ खरंच सरस, हे आत्यालाही मान्य होतं. वर थंडी असते. फळ रमतगमत पिकतं, बी टणक होतं, चवीला तरतरी येते. खड्ड्यातलं फळ घाईने पिकतं आणि चवीला जरा मवाळ लागतं. पण वरचं ते सरस फळ यंत्रात गेलं आणि बाहेरून कडकडीत, आतून शिजून निघालं. आत्याने मूठभर हातात घेऊन हुंगलं आणि परत टाकलं. त्या घरात सध्या एकच जीभ मोजली जात होती.

शनिवारी बाई आल्या. टेबलावर पाच वाट्या मांडलेल्या. चार वाट्यांत वरच्या उताराची कॉफी आणि एकीत, तुलनेला म्हणून, साधी. शेजारी साधी असली की आपली उठून दिसते, हे जीभसाहेब कोर्समध्ये शिकले होते. साधी म्हणून त्यांनी आत्याच्या डब्यातली खड्ड्याची कॉफी स्वतःच्या हाताने काढून घेतली होती. कुठल्या वाटीत काय, ते बुडाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर. बाईंनी वाट्यांच्या जागा स्वतः बदलल्या. आत्याने गरम पाणी ओतलं आणि बाजूला उभी राहिली. तिला चिठ्ठ्यांची गरज नव्हती. नाक होतं.

बाईंनी चमचा भरून सुर्रकन भुरका मारला. पहिल्या तीन वाट्यांना त्यांनी आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा चेहरा केला. चौथीला थांबल्या. डोळे मिटले.

"उंची," त्या हळूच म्हणाल्या. "ही उंची बोलतेय."

जीभसाहेबांनीही भुरका मारला. "धुकं! वरच्या उताराचं धुकं. ओळखलंत, बाई."

पाचवीनंतर बाईंनी चमचा खाली ठेवला. "पण एक, दोन, तीन आणि पाच सारख्याच आहेत. जुन्या पुठ्ठ्यासारख्या. साध्या चार का ठेवल्या?"

जीभसाहेबांनी घाईघाईने चौथी वाटी उचलली. अर्धी कॉफी सदऱ्यावर आली. बुडाशी अक्षर त्यांचंच होतं: खड्डा.

"खड्डा म्हणजे कुठलं शिखर?" बाईंनी विचारलं.

एखादा माणूस इथे ओशाळला असता. जीभसाहेबांच्या फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या, जीभ शाबूत होती. "खोल माती, बाई. ओढ्याकाठची. आमचा सगळ्यात दडलेला प्रदेश. शेवटी दाखवणार होतो."

बाईंनी वहीत लिहिलं: खोल माती.

आत्याला संताप आला. वर बोललं तर उंची, खाली बोललं तर खोली, आणि मधे पंचवीस दिवस उन्हात कमरेत वाकलेली बाई कुणाला दिसतच नव्हती. एवढ्यात खिडकीतलं ऊन गेलं. डोंगराआडून काळा ढग आला होता आणि खड्ड्यातलं शेवटचं फळ, बारा दिवसांचं, बाजांवर उघडं पडलं होतं. सवयीने आत्याचे पाय दारापर्यंत गेले. दारात तिची भरलेली पिशवी होती. ती पिशवीशेजारी पायरीवर बसली.

"आत्या! ढग!"

"दिसतोय."

"अगं, झाकायचं ना!"

"मातीला विचार. ती बोलते म्हणे."

जीभसाहेब धावले. ताडपत्री उलट्या टोकाने धरली. वाऱ्याने ती त्यांच्या तोंडावर आपटली आणि मग त्यांनाच गुंडाळू लागली. बाई वही घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर बाजांवरच्या फळावरून आत्याकडे गेली.

"ही चव," त्या म्हणाल्या, "वाळवणाची आहे का?"

"अर्धी फळाची, अर्धी हाताची," आत्या म्हणाली. "वरचं फळ माझ्या हाती दिलं असतं ना, तर तुम्ही डोळे लवकर उघडले नसते."

बाई शरमल्या. त्यांनी वहीतली ओळ खोडली.

"आत्या, पाया पडतो तुझ्या!" ताडपत्रीतून आवाज आला.

"खोली?" आत्याने बसल्या जागेवरून विचारलं.

"तुझी!"

"वरचं फळ?"

"तुझ्या बाजांवर!"

"आणि ते यंत्र?"

"विकतो! आजच विकतो!"

ताडपत्री हातात आणि ढग डोक्यावर असला की माणूस सगळं कबूल करतो, हे आत्याला ठाऊक होतं. म्हणूनच तिने ते बाईंच्या समोर विचारलं होतं. मग ती उठली, वाऱ्याची दिशा बघून एक टोक दगडाखाली घातलं, दुसरं ओढलं, आणि पहिला थेंब पडला तेव्हा फळ कोरडं होतं. जीभसाहेब भिजले.

दोन महिन्यांनी पाकिटं छापून आली. पुढे डोंगर, डोंगरावर धुकं, खाली ठळक अक्षरांत 'खोल मातीची हाक'. मागच्या बाजूला, बाईंनी हट्टच धरला म्हणून, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ: वाळवण, घरच्या आत्यांचं. आत्याने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली, आणि बाजांवरची वरच्या उताराची फळं उलटायची वेळ झाली म्हणून उठली. यंत्र अजून विकलं नव्हतं. गिऱ्हाईक मिळत नाही, असं भाचा सांगत होता. आत्याने वाद घातला नाही. तिने खोलीतला दिवा बदलला, खाट खिडकीकडे सरकवली, भिंतीला नवा खिळा ठोकला. पिशवी मात्र सोडली नाही. ती दारातच ठेवली, भरलेली, त्याला येता-जाता दिसेल अशी.